ताख्वेरीत न उगवलेलं फूल

पृथ्वीवरचं प्रत्येक फूल एकदाच सापडतं, आणि ज्या क्षणी ते सापडतं तो क्षण साऱ्या मानवजातीचा असतो, असं वनस्पतिशास्त्रज्ञ बतोनो प्लातोन कोबाइद्झे, म्हणजे प्लातोनसाहेब, म्हणत असत. म्हणताना ते चष्मा काढत, म्हणजे समोरच्याला कळावं की हे वाक्य भिंगांतून नाही, थेट काळजातून येतंय. आता ज्या फुलाची ही गोष्ट आहे ते सापडलं, तेव्हा मानवजात तिथून तीनशे पावलांवर निखाऱ्यांत बटाटे भाजत बसली होती, आणि लामारा खुत्सिश्विली, वय एकतीस, मोहिमेतली एकुलती एक बाई, सात पुरुषांच्या नजरेआड होण्यासाठी एका पांढऱ्या खडकामागे गेली होती. ती उकिडवी बसली आणि नाकासमोर, खडकाच्या फटीत, निळ्या घंटा होत्या. पाच. वाऱ्यानं हलत होत्या, पण वाजत नव्हत्या, याचं तिला त्या क्षणी उगाच नवल वाटलं. अधिकृत कागदावर या प्रसंगाची नोंद ‘खडकाळ उतार, उंची २९०० मीटर’ अशी आहे. उतार आणि उंची तेवढी खरी आहे.

त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. तिबिलिसीत एका बुधवारी सकाळी पावाच्या भट्टीवाल्याच्या तळघराच्या खिडकीसमोर लामारा रांगेत उभी होती, आणि कोटाच्या खिशात फोन थरथरला. वनस्पतिशास्त्र संस्थेतल्या तेओनाचा निरोप होता. ‘देइदा, छापून आलं. जगाला नवीन फूल मिळालं. तुमच्या हातची शिवण बघा.’ तेओना तिची भाची वगैरे कुणी नव्हती. पण संस्थेत आल्यापासून ती लामाराला मावशी म्हणायची आणि लामाराही तिला उलट देइदाच म्हणायची, जशी इथली प्रत्येक मावशी भाचीला म्हणते. निरोपाखाली एक चित्र होतं. जाड कागदावर शिवलेलं वाळकं रोपटं, निळ्याचा रंग चहासारखा झालेला, आणि उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी. लामारानं दोन बोटांनी चिठ्ठी मोठी केली. तिचंच अक्षर होतं. शिंप्याकडे दोन आरशांच्या मधे उभं राहिलं की अचानक आपलीच पाठ दिसते, आणि ही कोण वाकलेली बाई, असं क्षणभर वाटतं, तसं झालं. फरक एवढाच की ही बाई ताठ होती, तरुण होती, आणि तिच्या प्रत्येक अक्षराला नको इतका आत्मविश्वास होता. फुलाचं नाव ठेवलं होतं काम्पानुला प्लातोनिस, प्लातोनचं घंटाफूल. संग्राहक: प. कोबाइद्झे आणि इतर.

“बेबो, किती देऊ?” भट्टीवाल्यानं खालून विचारलं. बेबो म्हणजे आजी, तो प्रत्येक म्हातारीला तेच म्हणायचा. त्याच्या भुवयांवर पीठ होतं.

“इतर,” लामारा म्हणाली.

“काय?”

“दोन दे.”

घरापर्यंतची चढण तिनं रागातच चढली. राग हे चढणीवर फार चांगलं वाहन आहे, हे तिला डोंगरांतच कळलं होतं. आणि इतर. सात पुरुषांपैकी तीन ड्रायव्हर होते, दोन विद्यार्थी पहिल्या आठवड्यातच पोट बिघडून तंबूत पडले होते, एक पक्ष्यांचा अभ्यासक होता आणि त्याला झाड आणि झुडूप यांतला फरक सांगावा लागे. उरले प्लातोन. त्यांनी ती रोपटी पहिल्यांदा पाहिली ती तिच्या टोपीत. म्हणजे इतर होती ती एकटीच, आणि तीही अनेकवचनी. एकतीस वर्षं तिनं त्या संस्थेत वाळकी झाडं कागदावर शिवली. अकरा हजार कागद. प्रत्येक देठावर दोन टाके, फांदी जाड असेल तर तीन, गाठ नेहमी मागच्या बाजूला, म्हणजे फूल बघणाऱ्याला ते कुणीतरी बांधून ठेवलंय असं वाटू नये. निवृत्त झाली तेव्हा संस्थेनं तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि ते दर तासाला चार मिनिटं मागे पडतं. हे सगळं तिनं चौथ्या मजल्यापर्यंत स्वतःला नीट ऐकवलं. दार उघडताना तिच्या लक्षात आलं की आपण चिडलोय ते निव्वळ आपलं नाव नाही म्हणून. आणि या शोधाची तिला थोडी लाज वाटली, पण राग सोडून देण्याइतकी नाही.

पाव टेबलावर ठेवला. कडा अजून गरम होती. फोन पुन्हा थरथरला.

‘आणि देइदा, ताख्वेरी वाचली. तिथं रोपवे करणार होते. गेल्या वर्षीच आम्ही सरकारला कळवलं की हे फूल जगात फक्त त्या डोंगरावर आहे. अडला. आता तोच रोपवे लाबोद्याच्या कड्यावर नेतायत. तिथं काही नाही.’

तिथं काही नाही. लामारानं हे वाक्य तीनदा वाचलं. मग ती खुर्चीवर बसली. खुर्ची आहे की नाही हे न बघता बसली, आणि खुर्ची होती हे तिचं नशीब. कारण तो पांढरा खडक, ज्याच्यामागे ती मानवजातीपासून लपली होती, तो लाबोद्यावर होता. ताख्वेरी तिथून दोन दिवसांच्या वाटेवर, मधे दोन दऱ्या. ताख्वेरीचा दगड काळा, पाटीसारखा, खापऱ्या सुटणारा. लाबोदा सगळा चुन्याचा, पांढरा, आजूबाजूच्या काळ्या डोंगरांत एकटाच उभा, जत्रेत चुकलेल्या म्हाताऱ्यासारखा. त्या फुलाला चुना लागतो. ताख्वेरीवर ते दहा हजार वर्षांत उगवलेलं नाही आणि पुढच्या दहा हजारांतही उगवायचं नाही. चिठ्ठीवर तिच्या सुवाच्य, ताठ अक्षरात लिहिलं होतं: ताख्वेरी.

आणि ते तिनंच लिहिलं होतं. इथं रागाला जरा अडखळायला झालं, कारण त्याला जायचं होतं बाहेर आणि दार आतल्या बाजूला उघडत होतं.

परतीच्या वाटेवर ते ताख्वेरीला थांबले होते, कारण डोंगराखालचं त्याच नावाचं गाव प्लातोनचं होतं आणि गावावरून जाऊन घरी न थांबणं म्हणजे आईला शिवी. अंगणात मेज मांडलं होतं, तिथून रस्त्यापर्यंत. चाळीस माणसं. अक्रोडाचा वास, धुराचा वास, आणि लामाराच्या पाठीवर अजून रोपट्यांची फळी बांधलेली, दोन लाकडी चौकटींमध्ये वर्तमानपत्रं आणि वर्तमानपत्रांत दाबलेला डोंगर. ती उतरवून ठेवायला ती तयार नव्हती, कोंबड्या होत्या. प्लातोनचे काका बेसारिओन मेजाचे तमादा होते, म्हणजे कुणासाठी प्याला उचलायचा आणि काय बोलायचं हे ठरवणारा माणूस, आणि त्या माणसाच्या बोलण्यात बोलायचं नसतं. देवळात पाद्र्याला एक वेळ टोकतील. बेसारिओननी विचारलं, “पोरी, त्या कागदांत काय बांधलंयस? उशी?” प्लातोन म्हणाले, “काका, एक फूल आहे. नवीनच असावं.” बस. काका उभे राहिले. वाईनचं शिंग भरलं गेलं. “हा आमच्या ताख्वेरीचा डोंगर,” काका म्हणाले, “यानं आम्हाला बर्फ दिलं, दगड दिले, लांडगे दिले, आणि आम्ही कधी तक्रार केली नाही. आज यानं जगात कुठंही नसलेलं फूल दिलं, आणि दिलं कुणाच्या हाती, तर आपल्या पोराच्या.” लामारानं प्लातोनकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं होतं. नाही म्हणायला त्यांची मान जरा हललीही होती, हे ती आजही शपथेवर सांगेल. पण काका थांबले नाहीत, कारण तमादा थांबत नाहीत, शेवटी शिंग पुतण्याकडे करून ते म्हणाले, “आलावेर्दी, प्लातोन.” म्हणजे आता हेच बोलणं तू पुढं ने. आलावेर्दी मिळालेल्या माणसाला दिशा बदलता येत नाही. नदीत उभं केलेल्या माणसासारखं त्यानं वाहायचं असतं. आणि प्लातोन वाहिले. ते डोंगराबद्दल बोलले, बर्फाबद्दल बोलले, लहानपणी त्या डोंगरावर हरवलेल्या एका शेळीबद्दल बोलले, आणि बोलता बोलता त्यांनी चष्मा काढला. तिसऱ्या घोटाला म्हाताऱ्या बायका रडत होत्या. चौथ्या शिंगाला लामाराची खात्री झाली की आता त्यांचा स्वतःचाही विश्वास बसलाय.

सकाळी प्लातोन विहिरीपाशी डोक्यावर पाणी ओतून घेत होते. लामारा पेन आणि कोऱ्या चिठ्ठ्या घेऊन उभी होती.

“लिही,” ते म्हणाले. “ताख्वेरी.”

“बतोनो प्लातोन, पण ते तर लाबोद्यावर—”

“मला माहितेय ते कुठं आहे.”

“मग?”

“मग काय? चाळीस माणसांनी त्यावर शिंग रिकामं केलंय. आता परत जाऊन सांगू, काका, तुमचं शिंग खोटं होतं?” त्यांच्या नाकावरून पाणी ठिबकत होतं. “तात्पुरतं लिही. छापायच्या वेळी दुरुस्त करू. लाबोदा काही पळून जात नाही.”

त्या सकाळचं तिला काय आठवत होतं? स्वतःचा राग आठवत होता का? ती बराच वेळ खुर्चीवर बसून तो राग शोधत राहिली, जुन्या कपाटात एकच मोजा शोधावा तसा. सापडला नाही. आठवत होतं ते असं की शाई गार होती आणि पेन दोनदा झटकावं लागलं. आणि ‘ताख्वेरी’ हा शब्द लिहायला छान वाटला होता, वळणदार होता. ‘लाबोदा’पेक्षा दिसायला चांगला. एवढंच. माणसाच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं असं असतं हे तिला आधी कुणी सांगितलं असतं तर तिनं निदान हात तरी जरा कापू दिला असता. छापायची वेळ आली नाही. पुढं देश बदलला, वीज गेली, संस्थेच्या खिडक्यांना काचांऐवजी पुठ्ठे आले, लोकांनी कपाटांची फळकुटं शेकायला जाळली पण कागद जाळले नाहीत. बारा वर्षांनी प्लातोन गेले, आणि फूल सत्तेचाळीस नंबरच्या कपाटात डांबरगोळ्यांच्या वासात पडून राहिलं. दर शरद ऋतूत लामारा तो कागद काढून कीड लागली नाही ना बघायची. पुन्हा ठेवायची. वीस-बावीस वेळा तरी तिनं त्या चिठ्ठीकडे पाहिलं असेल. तात्पुरतं, असं मनात म्हटलं असेल. तात्पुरत्याची तिला एवढी सवय झाली होती की निवृत्तीच्या दिवशी कपाटाची किल्ली देताना ते सांगायचंय हेही तिच्या डोक्यात आलं नाही.

गुरुवारी ती संस्थेत गेली. जिन्यावर रंग नवा होता आणि वास जुना. तेओनानं तिला मिठी मारली, खुर्ची दिली, चहा दिला, आणि पेटीतला कागद उघडून समोर ठेवला, नवजात बाळ दाखवावं तसा.

“आम्ही ताख्वेरीवर तीनदा गेलो, देइदा. तीन उन्हाळे. एक रोपटं दिसलं नाही. शेवटी लिहिलं, अत्यंत दुर्मीळ.”

“अत्यंत दुर्मीळ,” लामारा म्हणाली. “मुळाशी बघ.”

“काय?”

“भिंग घे आणि मुळाशी बघ. मी मुळं कधी पूर्ण धूत नसे. प्लातोन ओरडायचे.”

तेओना भिंग घेऊन वाकली. मुळांच्या केसांत पांढरे कण अडकले होते, साखरेसारखे. मानेवरचा मणका दिसत होता. मग सरळ न होताच तिनं विचारलं, “हा चुना आहे?”

“लाबोद्याचा.”

“आणि चिठ्ठी?”

“माझी.”

तेओना खाली बसली. ती चिडेल, निदान रडेल असं लामाराला वाटलं होतं. तीन उन्हाळे म्हणजे थोडे नव्हेत. पण तेओनानं आधी तारखा मोजल्या. लाबोद्याच्या रोपवेवर हरकत घ्यायची मुदत सोमवारपर्यंत होती. सोमवारनंतर सुरुंग. चिठ्ठी लिहिणाऱ्याचं लेखी निवेदन लागेल, आणि त्यावर संचालकांची सही, कारण शोधनिबंध त्यांच्याही नावावर आहे.

“आणि नाव?” लामारानं विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारून झालं.

“नाव बदलत नाही, देइदा. एकदा छापलं की तेच. नियम आहे. जागेची चूक तेवढी दुरुस्त करता येते.”

“म्हणजे खोटी जागा सांगणाऱ्याचं नाव राहणार, आणि खरी जागा सांगणारी—”

“निवेदनात तुमचं नाव येईल.”

“हो. आरोपी म्हणून.”

तेओनाला हसू आलं आणि तिनं ते चहात लपवलं.

संचालक ओमारी गोड माणूस होते, आणि गोड माणसांशी भांडणं म्हणजे मधाच्या बरणीत मूठ मारणं. मूठच चिकटून बसते. त्यांनी निवेदन वाचलं, टेबलावर पालथं ठेवलं, आणि त्यावर हात ठेवला, जणू ते उडून जाईल.

“लामारा, तुम्ही आमच्या आधारस्तंभ आहात.”

“सही करताय का?”

“शनिवारी वाचनालयात छोटं जेवण ठेवलंय. फुलासाठी. कल्बातोनो पेलो येतायत. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. नवऱ्याच्या नावाचं फूल बघायला. तुम्हाला वाटतं, त्यांना आपण सांगावं की तुमचा नवरा…” त्यांनी वाक्य सोडून दिलं, पण काळजीपूर्वक, म्हणजे ते लामाराच्याच मांडीवर पडेल असं. “म्हातारीला सुखानं जाऊ द्या. लाबोद्याचं काय, तिथं काही ना काही दुसरं सापडेल.”

“सोमवारपर्यंत?”

“विज्ञानात घाई नसते, लामारा.”

“सुरुंगाला असते.”

ओमारींनी निवेदन परत दिलं, दोन्ही हातांनी, आदरानं. त्या आदराचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. शुक्रवारभर ती घरात फिरत राहिली. बीन्स शिजत टाकले आणि जाळले. संतापाचं एक वैशिष्ट्य असं की त्याला प्रेक्षक लागतो, आणि तिच्या घरात फक्त ते घड्याळ होतं आणि तेही मागे होतं. ती प्लातोनवर चिडली: एवढा विद्वान माणूस आणि काकापुढं मान हलवता हलवता थांबला. ओमारीवर चिडली. मेलेल्यांबद्दल फक्त चांगलंच बोलायच्या रिवाजावर चिडली. या शहरात मेलेला एकही माणूस वाईट नाही, सगळे वाईट लोक अजून जिवंतच आहेत असं दिसतं. पण या सगळ्याखाली, ओल्या मातीत दगड लागावा तसं, एक काहीतरी लागत होतं आणि ती तिथवर खणायला तयार नव्हती. ते असं होतं की तिला पेलोची भीती वाटत होती. पेलो तिला दरवर्षी प्लातोनच्या पुण्यतिथीला बोलवायची, शेजारी बसवायची, तिच्या ताटात स्वतःच्या हातानं वाढायची आणि म्हणायची, “हिनं माझ्या नवऱ्याचे डोंगर सांभाळले.” एकोणतीस वर्षं ती ते ऐकून घेत आली होती. आणि प्रत्येक वेळी, त्या वाक्याच्या शेवटी, ताख्वेरी हा शब्द तिच्या जिभेवर यायचा आणि ती वाढलेला घास तोंडात घालायची. म्हणजे ती विसरली नव्हती. किल्ली देताना ते डोक्यात आलं नाही, हेसुद्धा खोटंच होतं. हे दुसरं खोटं तिनं स्वतःच्या नावे कुठल्याच चिठ्ठीवर लिहिलं नव्हतं, एवढंच. तिला एकदम दिसलं: रोपवेचा खांब, ओतलेलं सिमेंट, आणि त्याच्याखाली तो खडक, ज्यामागे कधीकाळी एक एकतीस वर्षांची बाई कुणाच्या नजरेत न येता बसू शकली होती. जगात अशा जागा फार नाहीत. फुलाचं सोडा, त्या जागेसाठीसुद्धा ती रडली असती, पण बीन्सचा धूर इतका होता की नेमकं कशानं रडू येतंय ते कळायला मार्ग नव्हता.

शनिवारी वाचनालयातली टेबलं जोडून एक मेज केलं होतं. पालकाचे अक्रोड लावलेले गोळे, चीजचे पाव, वांगी, कुणाच्या तरी गावची वाईन प्लास्टिकच्या पाच लिटरी डब्यात. फुलाचा कागद काचेखाली भिंतीला टेकवून ठेवला होता, लग्नातल्या फोटोसारखा. पेलो मेजाच्या टोकाला, काळ्या शालीत, लहान झालेली. लामाराला तिनं हात धरून शेजारी बसवलं आणि तिच्या ताटात दोन गोळे वाढले. लामाराच्या पर्समध्ये निवेदन होतं. ओमारी तमादा होते. शांततेचा प्याला झाला, मातृभूमीचा झाला, विज्ञानाचा झाला आणि तो जरा लांबला. मग ते गंभीर झाले, आणि सगळे उभे राहिले, कारण गेलेल्यांचा प्याला उभ्यानं घेतात. गेलेल्यांच्या वाट्याचे वाईनचे थेंब पावाच्या तुकड्यांवर पडले. ओमारी प्लातोनबद्दल बोलले, सुंदर बोलले. ताख्वेरीच्या मातीनं जगाला आधी प्लातोन दिला आणि मग त्याच्या हातून हे फूल दिलं, असं म्हणाले. आणि मग, कदाचित चांगुलपणानं, कदाचित तिचं तोंड गोडीनं बंद करावं म्हणून, ग्लास तिच्याकडे करून म्हणाले, “आलावेर्दी, लामारा.”

सगळे तिच्याकडे वळले. तेओनाचा हात ग्लासावर थांबला होता. लामाराला स्पष्ट कळलं की त्या अंगणात प्लातोनना नेमकं काय झालं होतं: चाळीस प्रेमळ चेहरे, आणि सगळ्यांना तुमच्याकडून एकच गोष्ट हवी, ती म्हणजे तुम्ही तेच बोलावं. एक क्षण तिला ते बोलावंसंही वाटलं. किती सोपं होतं. शब्द तोंडात तयार होते, वळणदार होते.

“प्लातोन फार सच्चा माणूस होता,” ती म्हणाली. माना हलल्या. “चाळीस वर्षांच्या कामात फक्त एकदा खोटं बोलला. आणि तेही माझ्या हातानं.” माना थांबल्या. “हे फूल ताख्वेरीचं नाही. लाबोद्याचं आहे. मी ते तिथं तोडलं, तुम्हाला कसं ते सांगत नाही, आपण जेवतोय. त्यानं सांगितलं ताख्वेरी लिही, मी लिहिलं. त्याला काकाचं मन मोडवलं नाही, मला त्याचं मोडवलं नाही, आणि आता तुम्हाला सगळ्यांना कल्बातोनो पेलोचं मोडवत नाही. एवढी मनं राखता राखता सोमवारनंतर तो कडा फोडतील. माझं नाव लागावं म्हणून मी बोलत नाहीये. म्हणजे तेही एक आहे, खोटं कशाला बोलू. पण कडा आधी.” तिनं पर्समधून निवेदन काढून ताटांच्या मधे ठेवलं. एका कोपऱ्याला लगेच तेल लागलं.

“लामारा,” ओमारी हळू आवाजात म्हणाले, “हा गेलेल्यांचा प्याला आहे.”

“माहितेय. फूल अजून गेलेलं नाही.”

कुणी बसलं नाही. कुणी प्यायलंही नाही. सगळे पेलोकडे बघत होते, आणि लामारा सोडून सगळ्यांना तिच्याकडे बघायचं धैर्य होतं. लामारा ताटातल्या गोळ्यावरच्या डाळिंबाच्या दाण्याकडे बघत होती. आता म्हातारी कोसळेल, ओरडेल, उठून जाईल. एकोणतीस वर्षांचं वाढलेलं ताट परत मागेल. लामारा तयार होती. तिच्याकडे उत्तरं होती, संतापानं घासून लखलखीत केलेली, रांगेत उभी.

पेलोनं बोटांना लागलेला अक्रोड रुमालाला पुसला. एकेक बोट.

“ओमारी, मी कुठली?”

“आपण? ताख्वेरीच्या, कल्बातोनो पेलो.”

“कुताइसीची. लग्नाच्या मेजावर बेसारिओनकाकांनी मला आमच्या मातीतली पोर म्हटलं आणि शिंग फिरवलं. प्लातोननं मरेपर्यंत दुरुस्त केलं नाही. थडग्याच्या दगडावर त्याच्या शेजारी माझं नाव कोरून ठेवलंय, त्याच्याखालीसुद्धा ताख्वेरीच. कुताइसीत माझ्या बहिणी अजून हसतात.” तिनं निवेदन ओढून घेतलं, डोळ्यांपासून लांब धरलं, वाचल्यासारखं केलं आणि ओमारींच्या ताटासमोर सरकवलं. “तुझ्या खिशात पेन आहे. मला इथून दिसतंय.”

ओमारींनी मेजाकडे पाहिलं. मेजानं ओमारींकडे पाहिलं. त्यांनी पेन काढलं, टोपण दातात धरलं आणि सही केली, आणि तेओनानं शाई वाळायच्या आत कागद उचलून छातीशी धरला. कुठंतरी दूरच्या टोकाला एक खुर्ची ओढली गेली. मग एकेक जण प्यायला, पुटपुटत, देवानं त्याला शांती देवो, आणि बसला.

लामारा उभीच होती. तिच्या उत्तरांची रांग अजून तशीच उभी होती, आणि त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. पेलोनं शाल खांद्यांवर ओढून घेतली आणि मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

“उभीच आहेस, तर ती मागची खिडकी लावून घे गं,” ती म्हणाली. “केव्हापासून पाठीत वारा शिरतोय.”